गीताची चित्रफीत : कल्पना आणि शैली
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यान देणे हा माझा व्यवसाय नव्हे. मी संकलक आहे. इतरांनी चित्रित करून आणलेल्या फितीतून नको असेल ते कापावयाचे आणि उरलेले जोडावयाचे, हे काम मी सुमारे बत्तीस वर्षे केले. या धंद्यात माणसाने तोंड मिटून कात्री चालवावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे बोलण्याची सवय राहिलेली नाही. आपल्या कार्याध्यक्षांनी गेल्या महिन्यात दूरध्वनी करून मला येथे पाचारण केले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परंतु त्यांनी बोलावण्याचे खरे कारण सांगितले, आणि मग मला ‘नाही’ म्हणवेना.

ते कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे, तरी येथे उघडपणे सांगितलेले बरे. आपल्या वसतिगृहास पाऊणशे वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त युवक शाखेने एका गीताची चित्रफीत करण्याचे योजिले. गीत आपल्याच एका वयोवृद्ध भगिनीने लिहिले आहे. त्यांना आपण सारेच काकू म्हणतो, मीही तसेच म्हणेन. चाल आपल्यातीलच एका तरुणाने बांधली. चित्रफितीची कल्पना ठरविण्यासाठी दोन सभा झाल्या. पहिल्या सभेत मतभेद झाले आणि दुसरीत भांडण झाले. चाल बांधणारा मुलगा “माझी चाल मला परत द्या” असे म्हणून निघून गेला. सभेच्या अखेरीस एक कागद तयार झाला. चित्रफितीत ज्यांचे दर्शन घडलेच पाहिजे अशा आजी-माजी पदाधिकाऱ्यांची आणि देणगीदारांची ती यादी होय. तीत एकतीस नावे आहेत. ती यादी या क्षणी माझ्या खिशात आहे.

संकलकाला प्रथम हिशेब सुचतो. काकूंचे गीत चालीसह चार मिनिटांचे आहे, म्हणजे दोनशे चाळीस सेकंद. एखादा चेहरा ओळखू यावयाचा आणि त्याखालील नाव वाचून व्हावयाचे, तर निदान चार सेकंद तरी लागतात. एकतीस चोक एकशे चोवीस. म्हणजे अर्ध्याहून अधिक गीत चेहऱ्यांत गेले. उरलेल्या एकशे सोळा सेकंदांत वसतिगृहाची जुनी इमारत, नवी इमारत, कोनशिला, दीपप्रज्वलन, आणि कोठे जागा उरलीच तर काकूंचे गीत.

आपणांपैकी जे वडीलधारे आहेत त्यांनी सिनेमातील गाणी पुष्कळ पाहिली आहेत. गीताची चित्रफीत ही त्याच जातीची वस्तू. भेद एवढाच की सिनेमातील गाण्यास पाठीशी कथा असते. नायिका का रडते हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असते. येथे मागे काही नाही आणि पुढेही काही नाही. चार मिनिटांत जे सांगावयाचे ते सांगून पडदा काळा होतो. म्हणून कथेचे काम येथे कल्पनेस करावे लागते, आणि ती कल्पना एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती अजून सुचलेलीच नाही असे खुशाल समजावे.

कामाचा क्रमही थोडा समजून घ्या, कारण आपल्या भांडणाचे मूळ त्यात आहे. बोलपटांच्या आरंभी, उदाहरणार्थ १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’च्या काळात, नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असे आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. पुढे १९३५ पासून पार्श्वगायन रूढ होऊ लागले. गाणे आधी मुद्रित करावयाचे, चित्रणाच्या जागी ते ध्वनिक्षेपकावर वाजवावयाचे, आणि त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे. आजची चित्रफीतही अशीच होते. याचा परिणाम असा की चाल बांधणाऱ्याचे काम सर्वांत आधी संपते, आणि मागाहून येणारा प्रत्येक जण त्याच्या कामावर येऊन बसतो. दिग्दर्शक येतो, छायाचित्रकार येतो, माझ्यासारखा कात्रीवाला येतो, आणि अखेर मंडळाची कार्यकारिणी येते. पहिल्याने केलेले काम शेवटच्याने बिघडविले, तर पहिल्यास ते दुरुस्त करता येत नाही. आपला तो मुलगा रागावून गेला, त्याचे कारण केवळ तरुण रक्त हे नव्हे.

आता अनेकांनी मिळून एक गीत पडद्यावर कसे आणावे, याचा उत्तम नमुना पाहावयाचा तर मला पुण्याच्या ‘प्रभात’कडे जावे लागते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आपणां सर्वांच्या घरी पाहिला गेला आहे. मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हेही आपण ऐकले असेल. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दामल्यांचा हात ध्वनिमुद्रणावर बसलेला, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, पदरचना करणारे शांताराम आठवले, आणि तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस स्वतः गाणारे. इतक्या गुणी माणसांनी एकत्र येऊनही त्या चित्रपटात कोणाचा गुण दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. याचे मर्म मला त्यातील सालोमालोच्या गाण्यात सापडले.

सालोमालो हा तुकोबांचा द्वेष करणारा दांभिक कीर्तनकार. तो तुकोबांचे अभंग चोरतो आणि स्वतःचे म्हणून गातो. म्हणजे शब्द तेच! परंतु पागनीसांच्या मुखी तेच शब्द जसे सरळ, उघडे, घरातल्या माणसाशी बोलावे तसे येतात, तसे ते सालोमालोच्या मुखी येत नाहीत. तेथे हातवारे येतात, अनावश्यक ताना येतात, टाळ्या घेण्याची खटपट येते. जुन्या नाट्यसंगीताची थोडी थट्टाच तीत आहे. आता पाहा, ही गंमत एकट्या संगीतकारास साधली असती काय? दिग्दर्शकांनी दोन शैली समोरासमोर ठेवण्याचे ठरविले, नटाने ती नक्कल अंगी बाणविली, आणि भोळ्यांनी मुद्दाम खोटे वाटेल असे गाणे तयार केले. चांगल्या संगीतकारास वाईट गाणे करावयास सांगणे ही सोपी गोष्ट नव्हे! कल्पना सर्वांस आधी मान्य असल्याशिवाय असा हुकूम कोणी पाळणार नाही. शैली हा वरून चढविण्याचा रंग नव्हे. काय सांगावयाचे ते ठरले की कसे सांगावयाचे ते त्यातूनच निघते, हे मी त्या एका प्रसंगावरून शिकलो.

याच भोळ्यांनी पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ला संगीत दिले. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जो ध्वनी स्वाभाविकपणे असेल तेवढाच. रडण्याच्या प्रसंगी व्हायोलिन वाजविण्याची सोय नाही. संगीत-दिग्दर्शक म्हणून ज्याचे नाव झळकणार, त्याने इतके संगीत सोडून देण्यास संमती द्यावी, हा त्याग मला कोणत्याही सुंदर चालीपेक्षा मोठा वाटतो. आपल्या यादीतील एकतीसांपैकी निदान वीस जणांनी हे वाक्य घरी गेल्यावर पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. (हशा)

आणखी एक उदाहरण ‘प्रभात’चेच. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांनी मैनेची भूमिका केली. अनंत काणेकरांचे शब्द, मास्तर कृष्णरावांचे संगीत. मैनेच्या तोंडी एक गाणे आहे, उद्याची चिंता कशाला करावी अशा भावाचे. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषांतील कडवी येतात, कारण त्या दुर्दैवी स्त्रीच्या माडीवर निरनिराळ्या प्रांतांचे लोक येतात आणि प्रत्येकास त्याच्या भाषेत रिझविणे हा तिच्या पोटाचा प्रश्न असतो. प्रथम ऐकताना मौज वाटते. कथा ध्यानी घेऊन ऐकले की मौज मावळते. हे उदाहरण ध्यानात ठेवा. एकाच गाण्यात अनेक भाषा गुंफण्याची युक्ती बरोबर एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा योजली गेली आणि तेव्हा तिचा अर्थ अगदी उलट झाला.

१५ ऑगस्ट १९८८ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचे भाषण झाल्यावर दूरदर्शनने ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दाखविले. तेव्हा दूरदर्शनखेरीज दुसरे काही पाहावयास नव्हते, म्हणून तुम्ही-आम्ही ते शेकडो वेळा पाहिले. त्या चित्रफितीशी माझा काडीमात्र संबंध नाही. परंतु माझ्या धंद्यातील एक विद्यार्थी म्हणून मी तिची फ्रेम न् फ्रेम मोजली आहे. लांबी सुमारे सहा मिनिटे. भाषा चौदा. त्या काळी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात पंधरा भाषा होत्या, त्यांतील एक संस्कृत सोडली तर बाकी साऱ्या येथे आहेत. आपल्यातील गोमंतकीय कुटुंबांनी मला अनेकदा विचारले आहे की कोंकणी का नाही. कोंकणी त्या परिशिष्टात १९९२ मध्ये आली. मात्र गोव्याचे मारिओ मिरांडा त्या चित्रफितीत दिसतात, एवढ्यावर तूर्त समाधान मानावे.

मूळ कल्पना सुरेश मलिक यांची. चित्रण-दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांनी केले. शब्द पीयूष पांडे यांचे. पांडे २०२५ मध्ये निवर्तले. पुढे जाहिरातीच्या व्यवसायात त्यांचे मोठे नाव झाले, पण त्या वेळी ते लेखन-विभागातही नव्हते. त्यांनी स्वतः सांगितले आहे की त्यांचे सतरा मसुदे मलिकांनी नापसंत केले आणि अठरावा स्वीकारला. सतरा! आपल्या सभेत काकूंच्या एका ओळीतील एक शब्द बदलावा असे कोणी सुचविताच जो गोंधळ झाला म्हणे, तो मी ऐकला आहे. पण येथे दोन गोष्टींतला फरक पाहा. मलिकांनी सतरा वेळा ‘नाही’ म्हटले ते एकाच कल्पनेच्या कसोटीवर घासून. शिवाय ‘नाही’ म्हणणारा माणूस एकच होता. सतरा माणसांनी प्रत्येकी एकदा ‘नाही’ म्हटले असते तर अठरावा मसुदा जन्मालाच आला नसता.

चाल अशोक पत्कींनी बांधली आणि संगीत-संयोजनात लुई बँक्स यांचा वाटा होता. स्वर भैरवीचे. मैफलीत भैरवी शेवटी गावयाची, तिच्यानंतर काही गावयाचे नाही, असा आपला संकेत. येथे पंडित भीमसेन जोशी धबधब्याच्या सान्निध्यात तिनेच आरंभ करतात. मग काश्मीर, पंजाब असे करीत सूर दक्षिणेकडे उतरतो, बंगालमार्गे पुन्हा पश्चिमेस येतो, आपली मराठी ओळ जवळजवळ शेवटी लागते, आणि लताबाईंचा आवाज ते सारे गोळा करून घेतो. प्रत्येक भाषा सांगते ती गोष्ट एकच : तुझा सूर आणि माझा सूर मिळून आपला सूर व्हावा. मुखड्याचा धागाही तोच. बदलतात ती वाद्ये, ठेका, उच्चाराची ढब आणि पाठीमागचा देखावा. जे बदलावयाचे नाही ते प्रथम ठरविल्यामुळे जे बदलावयाचे त्यास मोकळीक मिळाली. ‘माणूस’मधील मैना प्रत्येक गिऱ्हाइकाची भाषा बोलते कारण तिला स्वतःची म्हणून काही राखता येत नाही, आणि येथे प्रत्येक जण आपलीच भाषा राखून दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवितो. तंत्र तेच, पण कल्पना निराळी, म्हणून अर्थ निराळा.

आता आपणांपैकी एखादे चतुर गृहस्थ म्हणतील, आणि दुसऱ्या सभेत एकांनी तसे म्हटलेही होते, की “मिले सुर ही तरी एकतीसांहून मोठी यादीच नव्हे काय? त्यातही नामवंतांचीच दाटी आहे.” आक्षेप खरा आहे. खेळाडू, नट-नट्या, नर्तकी, चित्रकार, दिग्दर्शक यांची ती जत्राच आहे. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. मला दिसले ते असे. एक तर तेथे कोणाच्याही चेहऱ्याखाली नाव नाही. ओळखला तर ओळखला. दुसरे असे की कित्येकांच्या वाट्यास सेकंद-दोन सेकंदच आले आहेत आणि त्यांनी त्याबद्दल तक्रार केलेली चित्रात तरी दिसत नाही. परंतु मुख्य गोष्ट ही की नामवंतांइतकीच जागा तेथे अनामिकांस आहे. मल्याळम ओळ हत्तीवर बसलेल्या माहुताच्या वाट्यास आली आहे. त्या माहुताचे नाव आपणांस ठाऊक नाही आणि तरीही मल्याळम म्हटले की आज तोच आठवतो. पंडितजींसारख्या स्वरसम्राटास आरंभीच्या मोजक्या ओळी, आणि माहुतास त्याची ओळ. ओळीला माणूस शोधलेला आहे. माणसाला ओळ शोधलेली नाही.

हा भेद डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर २६ जानेवारी २०१० रोजी प्रसारित झालेली त्याच गीताची नवी आवृत्ती पाहावी. दिग्दर्शन सुरेंद्रनाथ यांचेच, संगीतात लुई बँक्सही होते. छायाचित्रणाचे तंत्र कितीतरी पुढे गेलेले. लांबी मात्र सहाची सोळा मिनिटे झाली. चित्रपटातील तारे-तारकांचाच भरणा फार झाला अशी तिच्यावर तेव्हा सर्वत्र टीका झाली. एकेक चेहरा घेऊन पाहिले तर त्यात वाईट काही नाही. संकलकाच्या नजरेने तर कित्येक तुकडे फार सुबक आहेत. परंतु आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ती आवृत्ती कोणी गुणगुणते? मी तरी अद्याप ऐकलेले नाही.

एवढे शहाणपण मी सांगतो आहे, पण मी स्वतः काय केले तेही सांगितले पाहिजे. नाहीतर हे बोलण्याचा मला अधिकार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या गीताची चित्रफीत माझ्याकडे संकलनास आली होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. गीत साधे होते, चाल त्याहून साधी. चित्रणात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. पहिल्या पावसात ती शाळेच्या फाटकाशी उभी आहे, दप्तर डोक्यावर धरले आहे, आणि आत जावे की भिजावे हे तिचे ठरत नाही. दिग्दर्शकाने कॅमेरा तसाच चालू ठेवला होता. मी तो तुकडा सलग वीस सेकंद ठेवला, कारण त्याच जागी चालीत एक दीर्घ आलाप होता आणि मुलगी आत पळाली तो क्षण नेमका समेवर येत होता. असे योग संकलकाच्या आयुष्यात फार येत नाहीत.

चालकमंडळी पाहावयास आली. त्यांनी विचारले, “ही मुलगी कोणाची?” कोणाचीच नव्हती. मग त्या वीस सेकंदांत पाच विश्वस्त बसविण्यात आले. चार चोक सोळा नव्हे, पाच चोक वीस. हिशेब अगदी बरोबर जुळला. कात्री माझ्याच हातात होती. चाल बांधणारे गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मी पडद्याकडे. मी एक शब्द बोललो नाही. मानधन ठरलेले होते, मुलांच्या फिया भरावयाच्या होत्या, आणि “आपल्याला काय करावयाचे” हे वाक्य अशा वेळी फार लवकर सुचते. चित्रफीत समारंभात एकदा दाखविली गेली. ज्यांचे चेहरे होते त्यांनी आपापल्या चेहऱ्याशी टाळ्या वाजविल्या. दिवे लागण्यापूर्वीच ते चाल बांधणारे निघून गेले होते. पुन्हा त्यांनी माझ्याकडे काम आणले नाही. ती मूळ जुळणी मी काही वर्षे संगणकात जपून ठेवली होती. पुढे ते यंत्र बिघडले आणि तीही गेली.

म्हणून आपल्या मुलाने “माझी चाल परत द्या” म्हटल्याचे ऐकले तेव्हा मला त्या शेजारच्या खुर्चीची आठवण झाली, आणि मी येथे येण्याचे कबूल केले.

आता आपल्या गीताकडे येतो. मी ते वाचले, आणि त्या मुलाच्या घरी जाऊन त्याने स्वतःच्या आवाजात केलेले कच्चे मुद्रणही ऐकले. काकूंच्या गीतात गावाहून वसतिगृहात निघालेला मुलगा आहे, त्याची आई आहे, आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. युवक शाखेतील एका मुलीने पहिल्या सभेत सुचविले की चित्रफीत त्या ट्रंकेच्या मागोमाग जावी. घर, एस.टी.चे टप, वसतिगृहाची खोली. मग तीच ट्रंक धाकट्या भावाकडे, पुढे पुतण्याकडे, आणि आज वसतिगृहात प्रथमच आलेल्या एखाद्या मुलाच्या चाकांच्या बॅगेशेजारी. मला विचाराल तर ही कल्पना एका वाक्यात सांगता येते, गीतातूनच निघते, आणि पाऊणशे वर्षे तीत विनासायास बसतात. सभेत कोणी म्हणाले की ट्रंक पाहून लोकांना काय समजणार? मी आपणांस विचारतो, या सभागृहात अशी ट्रंक ज्याच्या घरी नव्हती असे एक तरी कुटुंब आहे काय?

तरुणांचेही सारेच मला पटले असे नाही. ड्रोन उडवून वसतिगृह आकाशातून दाखवावयाचे, हे कशासाठी? ट्रंक उचलणारा मुलगा आकाशातून पाहत नाही. पाहावयाचेच असेल तर एस.टी.च्या खिडकीतून पाहा. गीताच्या मध्यभागी ‘रॅप’ घालावयाचे आहे असे ऐकून माझ्या कपाळास आठी पडली होती. परंतु कच्चे मुद्रण ऐकल्यावर ती उतरली. आईने प्रवासाला निघालेल्या मुलास एका दमात दिलेल्या सूचना त्या ठेक्यावर बसविल्या आहेत. हे सांभाळ, ते हरवू नकोस, पोचल्यावर कळव. आया तशाच बोलतात. पोवाड्यातही शाहीर मध्येच गाणे सोडून भरभर बोलू लागतो, ते आपण नाही का ऐकत? ती सूचना मुलाने काकूंसमोर बसून, त्यांना विचारून लिहिली आहे, हे दुसऱ्या सभेत कोणी विचारले नाही आणि त्यानेही रागाच्या भरात सांगितले नाही. त्याची ही चूक मी त्याच्या तोंडावर दाखविली आहे.

कार्यकारिणीस माझी सूचना अशी. तीन वेळा मत द्यावे आणि तीनदाच : एकदा कल्पना ठरविताना, एकदा गाणे मुद्रित होण्यापूर्वी, आणि एकदा पहिली जुळणी पाहताना. मधल्या काळात चित्रणाच्या जागी खुर्च्या टाकून बसू नये. अखेरचा शब्द एका व्यक्तीकडे द्यावा, आणि ती व्यक्ती देणगीदार नसावी. खर्चाचा हिशेब मात्र कोषाध्यक्षांनी पै-पैचा घ्यावा. कलेच्या नावाखाली उधळपट्टी करणारे तरुणही मी पाहिले आहेत आणि म्हातारेही.

एक गोष्ट राहिली, ती नावांची. ‘संत तुकाराम’मध्ये बहुतेक पदे तुकोबांच्या अभंगांची आहेत; बीज आणि वृक्ष यांच्या रूपकाचे एक पद मात्र शांताराम आठवल्यांनी स्वतः रचले. ते इतके एकजीव झाले की लोक ते तुकोबांचेच समजून गाथेत शोधू लागले. कवीला याहून मोठी पावती कोणती? आणि याहून मोठी हानी तरी कोणती! ‘मिले सुर’ची चाल अशोक पत्कींची हे ते गीत रोज गुणगुणणाऱ्या महाराष्ट्रातही कितीएकांस वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते. अनेकांनी मिळून केलेल्या कामात ज्याने आपला सूर पुरता मिसळला, त्याचेच नाव प्रथम पुसले जाते. तेव्हा कोणाचे नाव कोणत्या कामासाठी लागावयाचे, हे चित्रणापूर्वी कागदावर लिहून त्यावर सह्या व्हाव्यात. काकूंचे, चालीचे, ट्रंक सुचविणाऱ्या मुलीचे. देणगीदारांची नावेही अवश्य यावीत. ती गीत संपल्यावर, काळ्या पडद्यावर, वाचता येतील अशा ठळक अक्षरांत, हवा तितका वेळ यावीत. तेथे सेकंद मोजण्याचे काही कारण नाही.

माझी ही सूचना मी आज सकाळी यादीतील पहिल्या चार सद्गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांच्या कानी घातली. तिघांनी आपल्या नावावर स्वहस्ते काट मारली. चौथ्यांनी चहा दिला आणि गीत ऐकून सांगतो म्हणाले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. न ऐकता नाव कमी करावे असे मी तरी कोणत्या तोंडाने सांगू?

तो मुलगा सभागृहात आलेला आहे; मागे दाराशी उभा आहे. पेटी व्यासपीठावर आहे आणि काकू पुढच्या रांगेत बसल्या आहेत. अध्यक्षांची अनुज्ञा असेल तर त्याने येथे येऊन गीत एकदा चालीसह म्हणून दाखवावे. आईच्या सूचनांचा भाग काकूंनी म्हणावा, असे आमचे दोघांचे ठरले आहे. काकूंना हे आत्ताच कळते आहे. अठ्ठावीस नावांची यादी मी येथे टेबलावर ठेवतो, शेजारी पेन ठेवतो, आणि खाली बसतो.